सरांनी चाळीस पेपर दिले आणि बेंगळूरला गेले, आता मी काय करू?

नंदगड_नाका | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बीएस्सी बेळगावात, मग एमएस्सी रसायनशास्त्र. याच महिन्यात पीएचडीला नाव नोंदवलं. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या विभागात माणसं इतकी मोजकी आहेत की नाव लिहिलं तर उद्या चहाला हाच विषय निघेल.

झालंय असं. पहिल्या दिवशी गाईड सरांनी पेन ड्राइव्ह दिला, त्यात चाळीस पेपर. "वाचून काढ, मग बोलू" म्हणाले आणि कुठल्याशा समितीवर बेंगळूरला गेले. आज अकरावा दिवस. लॅबमध्ये दोन सीनियर. एक थिसिस लिहितोय, त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही असा अलिखित नियम. दुसरी स्वभावाने चांगली आहे, खरं ती कन्नड आणि इंग्लिशच बोलते आणि माझं कन्नड बाजारापुरतं. सकाळी साडेनऊला येते, बाकावर बसते, पेपर उघडते, पहिल्याच पानावर सतरा शब्द अडतात. पाचला बस धरते. घरी आई विचारते, आज काय केलंस? काय सांगू तिला?

सुरुवात अशीच असते की माझंच काही चुकतंय? पेपर वाचतात तरी कसे? हॉस्टेल घ्यावं की अप-डाऊन करावं? खानापूरहून बेळगाव, तिथून पुढची बस, जाऊन-येऊन चार तास मोडतात. आणि फेलोशिप नाही. नेट, म्हणजे फेलोशिपची परीक्षा, एकदा दिली, थोडक्यात हुकली. घरी कुणी बोलून दाखवत नाही, खरं मला कळतंय की.

अर्धा_मोल | सोमवार, रात्री १०:३२

अगं अकरा दिवसांत घाबरलीस! मला तर महिनाभर लॅबमध्ये कुणी नावही विचारलं नव्हतं. माझं दुसरं वर्ष चालू आहे, रसायनच, आणि मीही सीमाभागातलीच.

ते चाळीस पेपर आधी मिट. त्यातले तीस सरांनाही आठवत नसणार. त्याऐवजी शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या साइटवर जा आणि सरांचं नाव घालून शोध. त्यांच्या हाताखाली आधी पीएचडी झालेल्यांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतील. प्रस्तावना सोड, ती सगळ्यांची सारखीच असते. प्रायोगिक भाग काढ. किती ग्रॅम घेतलं, कशात विरघळवलं, किती तास ढवळलं, कसं शुद्ध केलं. तुमच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काय शिजतंय ते तिथंच कळतं. मग पेपरातले सतरा शब्द पाचावर येतात, कारण बाकीचे बारा तुझ्या डोक्यावरच्या फळीवर बाटल्यांना चिकटवलेले असतात.

दुसरं म्हणजे काम माग. त्या सीनियरला म्हण, "अक्का, एक साधी रिॲक्शन द्या, ज्याचं उत्तर माहीत आहे अशी." उत्तर माहीत असलेलीच हवी. नवीन काही करायला गेलीस आणि बिघडलं, तर रिॲक्शन वाईट की हात वाईट ते कळत नाही. प्रबंधात सत्तर टक्के उतारा (यील्ड, म्हणजे हाती आलेला माल) लिहिलाय आणि तुझा पस्तीस आला, तर हात वाईट. महिनाभरात तो साठावर आणायचा, बाकी काही नाही. माझ्या पहिल्या सहामाहीत मी एवढंच केलं आणि कुणी रागावलं नाही.

आईला सांग, आज भांडी घासली. खरंच घासावी लागतात. ॲसिटोनने.

पुण्याचा_पाहुणा | सोमवार, रात्री १०:५८

एक अवांतर शंका. "खरं मला कळतंय की", "खरं ती कन्नडच बोलते". हे "खरं" म्हणजे नेमकं काय?

निपाणीवाला | सोमवार, रात्री ११:०४

आमच्याकडे "पण" ला "खरं" म्हणतात हो. तुमच्याकडे खरं बोलायला लागतं, आमच्याकडे नुसतं जोडायला.

पारा_७६० | मंगळवार, सकाळी ६:१५

पोरी, शांतपणे वाच. मी आता निवृत्त आहे, घाई नाही.

मी धारवाडला केलं. तिथलं कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी धारवाडला आलं. आमच्या पिढीतली बेळगावची मुलं तिकडेच जायची. बेळगावातलं धारवाडचं पदव्युत्तर केंद्र १९८२ साली निघालं, तेच पुढे २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. मी ते केंद्र निघायच्या आधीच छोटा महाबळेश्वरच्या टेकडीवर, म्हणजे धारवाडच्या विद्यापीठात पोचलो होतो. कन्नड येत नव्हतं, इंग्लिश वाचता यायचं पण तोंड उघडत नव्हतं. म्हणजे तुझ्यासारखाच.

अर्धा_मोलने सांगितलं त्यात मला एकच भर घालायची आहे. नोंदवही. उद्या जाड बांधणीची वही आण, पानांवर क्रमांक घाल, पहिली दोन पानं अनुक्रमणिकेला सोड. पेनने लिही. चुकलं तर एक रेघ मार, खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. पान फाडायचं नाही. आणि वजन केलं की वजनकाट्याशेजारी उभं राहूनच वहीत लिहायचं, चिठ्ठीवर नाही.

चिठ्ठीवर का नाही ते सांगतो. तिसऱ्या वर्षी मला एक संयुग मिळालं. सुंदर सुईसारखे स्फटिक. वजन, द्रवणांक, सगळं एका चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी शर्टाच्या खिशात. शनिवारी शर्ट धोब्याकडे गेला. सोमवारी खिशातून लगदा निघाला. ते स्फटिक तसेच पुन्हा मिळवायला मला चार महिने लागले, कारण विद्रावकांचं प्रमाणही त्याच चिठ्ठीवर होतं.

फसलेला प्रयोगही तितकाच सविस्तर लिहायचा. थिसिस लिहिताना त्याच पानांवर बोट ठेवावं लागतं.

आणि लॅबमध्ये अटेंडर असेल, त्याच्याशी ओळख कर. डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट कधी चालतो, नायट्रोजनचा सिलिंडर कुणाच्या सहीने येतो, शनिवारी किल्ली कुणाकडे असते, हे प्राध्यापकांना माहीत नसतं. आमच्याकडे एक मामा होते. आमचे निम्मे प्रयोग त्यांच्या किल्लीवर चालायचे.

घटप्रभा_पॅसेंजर | मंगळवार, दुपारी १:२०

मी प्रयोगशाळेतला नाही, कचेरीतला. वेगळ्या विद्यापीठात बारा वर्षं टेबलावर बसलो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

कन्नडची एवढी भीती नको. अर्ज इंग्लिशमध्ये दे, कुणी परत करत नाही. तोंडी मात्र दोन वाक्यं कन्नड बोल. "नमस्कार री, ऊटा आत्री?" म्हणजे जेवण झालं का. मग काम सांग. शेवटी "यावाग बर्ली री?" म्हणजे कधी येऊ. उत्तर "नाळि बर्रि", उद्या या, असंच येणार. त्यावर हसून "किती वाजता?" विचारायचं. वेळ घेतली की काम होतं. नुसतं उद्या घेऊन गेलं की होत नाही. तुझं कन्नड चुकलं तर समोरचा दुरुस्त करेल आणि तिथूनच ओळख होईल. आमच्या टेबलावर मराठी पोरं अशीच ओळखीची झाली.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती. एकीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घेऊन घरी न्यायची, फाइलमध्ये लावायची. सहा वर्षांत टेबलावरची माणसं चार वेळा बदलतात, शिक्का बदलत नाही.

कोर्सवर्कचं आधीच विचारून ठेव. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिट्स लागतात, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नैतिकतेचा पेपर सक्तीचा. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. बायकांना वर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. ती तारीख कुणी तुला शोधत येऊन सांगणार नाही, नोटीस बोर्ड बघत जा.

निपाणीवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

पैशाचं मी बोलतो, बाकीच्यांना लाज वाटते.

सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप लागली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं वेगळं. एवढा पैसा हातात आला की घरातले आपोआप गप्प होतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या नावाने. प्रत्यक्ष तारीख पुढंमागं सरकते, त्यावर भरवसा ठेवू नकोस. तू थोडक्यात हुकलीस म्हणजे सगळ्यात चांगल्या जागी आहेस, कारण बेस तयार आहे. आणि आता नाव नोंदलंस म्हणून अभ्यास सोडू नकोस. माझ्या वर्गातल्या तिघांनी "पीएचडी सुरू झाली की आता नेट कशाला" म्हणून सोडली आणि चौथ्या वर्षी शिकवण्या घेत बसले. बिनानेटवाल्यांना महिना ८,००० मिळतात ते केंद्रीय विद्यापीठांत. आपल्या राज्य विद्यापीठात त्या आशेवर राहू नकोस.

सेटचा, म्हणजे राज्याच्या प्राध्यापक-पात्रता परीक्षेचा, एक घोळ आपल्या भागात कायम होतो, म्हणून लिहितो. कर्नाटकची के-सेट पास झालीस तर कर्नाटकात असिस्टंट प्रोफेसर व्हायला चालते. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रात. निपाणीतून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या वर, त्यामुळे आमच्याकडची पोरं दोन्ही देतात आणि दोन्हीकडं अर्ज करतात. सेटवर फेलोशिप मात्र कुठलीच नाही, ती फक्त नोकरीची पात्रता. नेट दोन्हीकडं चालते.

मी स्वतः कोल्हापूरला केलं. इकडची पदवी घेऊन तिकडे गेलं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते निकालाच्या दिवशीच काढून ठेवावं. मी ऑक्टोबरात काढायला गेलो आणि तीन फेऱ्या घातल्या.

कुंदा_एक_किलो | मंगळवार, रात्री ८:१०

निपाणीवाला, माझ्या भावाला तिकडे फार्मसीला जायचंय. सीमाभागाची काही वेगळी सोय आहे ना?

निपाणीवाला | मंगळवार, रात्री ८:२२

आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्यांची यादी आहे. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशात तिथल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी सीमाभागाचा वेगळा उमेदवारी प्रकार असतो. गाव यादीत आहे का ते आधी बघा आणि दाखल्याच्या मागं आत्ताच लागा. प्रवेश सुरू झाल्यावर धावायचं नाही.

सीमातपस्वी | मंगळवार, रात्री ९:००

सगळ्यांनी मूळ प्रश्न बाजूला ठेवलाय. हेच शिक्षण मराठीतून मिळालं असतं तर या मुलीचे सतरा शब्द अडले असते का? सत्तर वर्षं…

निपाणीवाला | मंगळवार, रात्री ९:०६

काका, सतरा शब्दांतले सोळा जपान्यालाही अडतात. ते जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी केलेले आहेत. सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तिथं मी पण येतो भांडायला. इथं तिला उद्या सकाळी साडेनऊला बाकावर बसायचंय.

सीमातपस्वी | मंगळवार, रात्री ९:१५

बरं. पण मुद्दा राहतोच. (मुली, अभ्यास कर.)

हिंडलगा_मावशी | बुधवार, सकाळी ७:३०

माझ्या लेकीने पीएचडी केली, म्हणून लिहिते. पहिलं वर्ष तरी हॉस्टेलवर राहा गं. रोजचे चार तास बसमध्ये म्हणजे आठवड्याचे चोवीस, तेवढ्यात नेटचा अभ्यास होतो. जून २०२३ पासून आपल्या बायकांना सरकारी साध्या बसचं झिरो तिकीट आहे, त्यामुळे आई-बापाला वाटतं घरून फुकटच होतंय. फुकट नाही. संध्याकाळी लेक बसमधून उतरायची ती अशी की चहाचा कप हातात देऊन पाच मिनिटं तिच्याशी बोलायचं नाही. रिॲक्शन रात्री आठला संपणार असली आणि शेवटची गाडी सातची, तर माणूस काय करतं? अर्धवट टाकून येतं. शनिवारी घरी जा, भाकरी-चटणी बांधून आण, सोमवारी परत.

रात्री लॅबमध्ये एकटी थांबू नकोस. ही भीती चोराची नाही, बाटल्यांची.

अर्धा_मोल | बुधवार, सकाळी ९:५५

मावशींच्या शेवटच्या ओळीला शंभर वेळा हो. टाकाऊ विद्रावकांच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड कधीही ओतायचं नाही. ॲसिटोन आणि नायट्रिक एका बाटलीत बंद झाले की बाटली फुटते, आणि ती तू घरी गेल्यावर फुटते. प्रत्येक टाकाऊ बाटलीवर काय ओतलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बूच उघडू नकोस.

आणि रिफ्लक्स, म्हणजे विद्रावक उकळत ठेवून वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये थंड करून परत खाली आणणं. आपल्याकडं उन्हाळ्यात नळाचं पाणी दुपारी जातं. कंडेन्सर कोरडा पडला की विद्रावक उडून जातो आणि खाली डांबर उरतं. आम्ही कूलरचा छोटा पंप आणलाय, बादलीत बर्फाचं पाणी, तेच फिरवत ठेवतो. नळ्यांना तारेने घट्ट बांध. माझी नळी एकदा रात्री निसटली, आणि सकाळी खालच्या मजल्यावर फिजिक्सवाले छत्री घेऊन उभे.

पीएच मीटरचंही सांगून ठेवते, कारण ते पातक माझ्या नावावर आहे. पहिल्याच आठवड्यात "स्वच्छ ठेवावं" म्हणून मी इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून सुट्टीला घरी गेले. आल्यावर आकडा स्थिरच होईना, सातच्या बफरमध्ये (पीएच सात ठरलेल्या द्रावणात) सहा पूर्णांक काहीतरी दाखवून हळूहळू सरकत राहायचा. इलेक्ट्रोडच्या आत क्षाराचं द्रावण असतं, ते शुद्ध पाण्यात झिरपून जातं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा असतो. सीनियरने इलेक्ट्रोड हातात धरला, माझ्याकडं बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाली. तो "हं" अजून ऐकू येतो.

जांबोटीचा_जळू | बुधवार, रात्री १०:४०

मी प्राणिशास्त्रवाला, त्यामुळे काचेची भांडी कमी, बूट जास्त. इतर विज्ञान विभागात येणाऱ्यांसाठी लिहितो.

मला भीमगडच्या जंगलात वटवाघळांवर काम करायचं होतं. आपल्या खानापूर तालुक्यात बारापेडीच्या गुहा आहेत. तिथलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला कळलं, आणि पुढे बरीच दशकं जगात ते फक्त इथंच माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. माझ्या गावापासून गाडीने जेमतेम तास, आणि मी ते बीएस्सीला इंग्लिश पुस्तकात पहिल्यांदा वाचलं! डोकं फिरलं, म्हटलं यावरच करायचं.

खरं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत पाय ठेवायलासुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती बेंगळूरहून येते. मी वर्षभर साहित्य वाचत बसलो आणि मग अर्ज केला. अर्ज फिरतोय तोवर दुसरं वर्ष अर्धं संपलं. शेवटी विषय थोडा वळवून जंगलाबाहेरच्या ओढ्यांवर काम सुरू केलं. जळवा तेवढ्याच, कागद कमी.

ज्याला मैदानी काम करायचंय त्याने नाव नोंदवलं त्याच आठवड्यात परवानगीचा अर्ज टाकावा. पेपर नंतर वाचता येतात.

नंदगड_नाका | पुढच्या रविवारी, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. वही आणली, पानांवर नंबर घातले. सरांच्या आधीच्या विद्यार्थिनीचा प्रबंध शोधगंगेवर सापडला. अक्काने बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोनपासून चाल्कोन करायला दिलं. बर्फात ठेवलं, ढवळलं, तासाभराने पिवळं तेल तळाला बसलं, घट्ट होईना. मी रडकुंडीला आले. अक्का आली, काही बोलली नाही, माझ्या हातातून काचकांडी घेतली आणि फ्लास्कच्या आतल्या काचेवर दोन-तीनदा घासली, पाटीवर पेन्सिल घासतात तशी. आणि मंडळी, तिथूनच एकदम पिवळे कण सुटायला लागले! बघता बघता सगळं घट्ट. मी "अय्यो!" म्हणाले, ती हसली. आता आम्ही दोघी एकत्र डबा खातो. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीचं कन्नड नाव तिने शिकवलं, आणि ते चटणीच आहे.

आता नवीन भानगड. शुक्रवारी पहिली आयआर (संयुगात कुठले गट आहेत ते दाखवणारा इन्फ्रारेड आलेख) काढली. चाल्कोनमध्ये ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) असायला नको ना? माझ्या आलेखात ३४०० च्या आसपास मोठा पसरट खड्डा आहे. १६६० ला कार्बोनिल आहे, तो बरोबर. खरं हा ओएच कुठून आला? नवीन संयुग झालं असेल का? उद्या सर येणार आहेत.

पारा_७६० | रविवार, रात्री ९:२५

बाहेर पाऊस आहे का?

नंदगड_नाका | रविवार, रात्री ९:२७

हो सर, आठवडाभर उघडीप नाही. का?

अर्धा_मोल | रविवार, रात्री ९:३१

हाहाहा. सर, तिला त्रास देऊ नका. अगं ते तुझं संयुग नाही, तो आपला पाऊस आहे. आयआरसाठी संयुग ज्याच्या गोळीत दाबतो ते पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत श्वास घेतला तरी पाणी मिळतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मला प्रत्येक संयुगात ओएच दिसायचा. मी तर चार पानी स्पष्टीकरण लिहिलं होतं. ब्रोमाइड ११० अंशाच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेव, डेसिकेटरमध्ये थंड कर, गोळी पटकन दाब आणि लगेच चालव. उगाच हातात घेऊन फिरू नकोस.

पारा_७६० | रविवार, रात्री ९:४८

आणि ओला आलेख फेकू नकोस. दोन्ही वहीत शेजारी-शेजारी चिकटव, तारीख घाल, हवेतली आर्द्रता मोजता आली तर ती लिही. सर आले की दोन्ही दाखव. कारण नुसता कोरडा दाखवलास तर ते म्हणतील, बरोबर आहे. दोन्ही दाखवलेस तर कदाचित खुर्ची पुढे ओढतील.

निपाणीवाला | रविवार, रात्री १०:०२

एवढं करून सर खुर्ची ओढणार नाहीत, फोनवर बोलत असतील. तरी दाखव.

अर्धा_मोल | रविवार, रात्री १०:१५

आणखी एक. पेपर कसे वाचायचे ते राहिलंच. मी आधी चित्रं आणि तक्ते बघते, मग प्रायोगिक भाग, मग शेवट. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, तीही संदर्भ काढायला. एका पेपरावर अर्ध्या पानाची टीप माझ्या मराठीत लिहिते, "यांनी हे केलं, मला हे पटलं नाही" अशी. इंग्लिश नंतर घालता येतं. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना उघडी आहेत. तुमच्या लायब्ररीत जाऊन लॉगिन मागून घे. आमच्या विभागात निम्म्यांना हे माहीतच नव्हतं, अजून बेंगळूरच्या मित्रांना पीडीएफ मागत होते.

आणि ईमेल येतील, "आदरणीय डॉक्टर, आपला अमूल्य लेख आठ दिवसांत छापू, फक्त इतके रुपये". तू अजून डॉक्टर नाहीस हे त्यांना माहीत नाही, यावरूनच काय ते ओळख.

नंदगड_नाका | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ११:४०

खबर द्यायची राहिली होती. हॉस्टेल मिळालं, आईला दोन दिवस वाईट वाटलं, मग तिने डबे भरायला घेतले. नेटचा फॉर्म भरायला पैसे वेगळे काढून ठेवलेत. कोर्सवर्कची तारीख नोटीस बोर्डावर एका लग्नाच्या पत्रिकेमागं लपलेली सापडली. घटप्रभा, तुमचं "यावाग बर्ली री" चाललं. त्या टेबलावरच्या बाईंनी माझा उच्चार सुधारला आणि काम त्याच दिवशी झालं.

सर सोमवारी आले. दोन्ही आलेख दाखवले. निपाणीवाला, फोनवर होते, बरोबर ओळखलंत. फोन ठेवला, ओल्या आलेखावर बोट ठेवलं, मग कोरड्यावर, मग वहीची मागची पानं स्वतः उलटून बघत बसले, पंधरा मिनिटं तरी. चाल्कोनचा उतारा पहिल्यांदा एक्केचाळीस आला होता, तेही त्यांनी वाचलं. काही बोलले नाहीत. जाता जाता कपाटातून सिलिका जेलचा डबा काढून माझ्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात कॉलम (संयुग शुद्ध करायची सिलिका भरलेली नळी) लाव.

म्हणून प्रश्न. कॉलमच्या वर वाळूचा थर देतात ना, ती वाळू कुठली? आमच्या लॅबमधली संपलीय. मी रविवारी घरी जाणारच आहे, मलप्रभेची आणू का?

पारा_७६० | शनिवार, दुपारी १२:०५

नदीची आणू नकोस. गाळ आणि लोह असतं, तुझ्या पिवळ्या पट्ट्याच्या वर लाल पट्टा येईल आणि तू नवीन संयुग सापडलं म्हणशील. ॲसिडने धुतलेली समुद्रवाळू मिळते. तुमच्या लॅबच्या अटेंडर मामांना विचार, कुठल्यातरी कपाटात अर्धा डबा नक्की असेल.